आरसा तोच, कॅमेरा नवा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, फोंडा, जिथे जिथे हे पत्र घरच्या ग्रुपवर वाचलं जातं, तिथल्या सगळ्या लहानथोरांना श्रीगुरुकृपेने समाधान लाभो.

गेल्या काही आठवड्यांत निरनिराळ्या केंद्रांतून एकच प्रश्न आमच्यापर्यंत आला. प्रश्न गुरुवारच्या पोथीचा आहे. आपली नातवंडं घरात मराठी बोलतात, पण बाळबोध मराठी वाचताना अडखळतात. बडोद्याच्या मुलांच्या डोळ्यांना गुजराती अक्षरांची सवय, हैदराबादच्या मुलांना तेलुगूची, आणि इंग्रजी तर सगळीकडेच. म्हणून काही तरुण आईवडिलांनी अध्याय मुलांना येणाऱ्या लिपीत उतरवून त्यांच्या फोनवर दिला. मुलं वाचायला लागली, आणि घराघरांत वादही सुरू झाले.

थोरल्यांचं म्हणणं असं की पोथीची जागा पाटावर, खिशात नव्हे. आज लिपी गेली, उद्या भाषा जाईल, परवा श्रद्धाच जाईल. तरुणांचं म्हणणं असं की मुलं वाचणारच नसतील, तर पाटावरची पोथी नुसतीच पूजेची वस्तू होऊन राहील. एका केंद्रात तर वर्षानुवर्षं पोथी वाचणाऱ्या एका काकांनी बैठकीला येणंच थांबवलंय. त्यांची जागा रिकामी दिसते. ती रिकामी जागा पाहूनच हे पत्र लिहायचं ठरवलं.

प्रश्न लिपीचा वाटतो, पण मुळात तो आहे काय बदलावं आणि काय बदलू नये याचा. याच प्रश्नाशी गेली पंचाहत्तर वर्षं काम करत आलेली एक जागा आहे, तिथला दृष्टांत आज घेऊया. दृष्टांत एकदेशी असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तारा म्हणजे परमेश्वर नव्हे आणि दुर्बीण म्हणजे साधना नव्हे. जेवढं अंग जुळतं तेवढंच घ्यायचं.

*ज्याने लावलं, त्याने पाहिलं नाही*

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पालोमार नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे १,७०० मीटर. त्यावर कॅलटेक या विद्यापीठाची वेधशाळा आहे. तिथल्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा २०० इंच रुंद, म्हणजे पाच मीटरहून थोडा जास्त. आपल्या घरातली एक मोठी खोली सहज व्यापेल एवढा.

ही दुर्बीण व्हावी हा ध्यास जॉर्ज एलरी हेल या शास्त्रज्ञाचा. १९२८ साली त्यांनी त्यासाठी पैसा उभा केला. १९३४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग इथे काचेचा रस ओतला, तर साच्यात बसवलेले ठोकळे उष्णतेने सुटून वर तरंगले. सगळं फुकट. डिसेंबरमध्ये पुन्हा ओतला. ती काच एकदम गार झाली तर तडकणार, म्हणून जवळजवळ दहा महिने हळूहळू थंड केली. मग ती आगगाडीने देश ओलांडून आली. घासून घासून आकार देण्यात आणखी वर्षं गेली, मध्ये महायुद्धामुळे काम थांबलं. दुर्बिणीचं लोकार्पण झालं ते जून १९४८ मध्ये. हेल १९३८ सालीच गेले होते. ज्याने ध्यास घेतला, त्याला त्या आरशातून एकही तारा दिसला नाही.

आपल्या परंपरेतही असेच कितीतरी हात आहेत. इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याला पिढ्यांपूर्वी आलेल्या आपल्या पूर्वजांनी परक्या मुलखात गुरुवार धरून ठेवला. आज व्हिडिओ कॉलवर आरती होते आणि तीन शहरांतली भावंडं एकत्र टाळ्या वाजवतात, हे त्यांनी पाहिलं नाही. पण आरसा त्यांनी घडवला.

तो पालोमारचा आरसा आजही तोच आहे. पंचाहत्तर वर्षांत तो बदललेला नाही, कारण त्याचा आकार बरोबर आहे. घासताना केसाच्या हजाराव्या भागाएवढीही चूक राहू नये अशी काळजी घेतलेली आहे. ज्याचा आकार बरोबर, ते बदलायचं कारण नाही. आपल्याकडे हा आरसा म्हणजे गुरूंवरची निष्ठा, नाम आणि सरळ आचरण. याला नवी आवृत्ती लागत नाही.

*पाच-सहा ग्रॅम*

पण मंडळी, आरसा बदलत नाही याचा अर्थ त्याला हात लावायचा नाही असा नव्हे. ही गंमत नीट लक्षात घ्या. त्या काचेचं वजन सुमारे साडेचौदा टन. पण काच काही ताऱ्याचा प्रकाश परतवत नाही. प्रकाश परततो तो काचेवरच्या ॲल्युमिनियमच्या लेपावरून. हा लेप इतका पातळ की हिशेब केला तर एवढ्या मोठ्या आरशावर सगळा मिळून पाच-सहा ग्रॅम भरतो. देवघरातल्या छोट्या निरांजनाहूनही हलका.

हा लेप धुळीने, दमटपणाने मंदावतो. म्हणून साधारण दीड-दोन वर्षांनी आरसा दुर्बिणीतून उतरवतात, जुना लेप रसायनांनी धुऊन काढतात, काच स्वच्छ करतात, मोठ्या बंद टाकीत ठेवून आतली हवा ओढून घेतात आणि ॲल्युमिनियमची वाफ करून नवा लेप चढवतात. त्या दिवसांत दुर्बीण बंद असते. आकाश नेहमीसारखं उघडं असतं, पण ते लोक थांबतात. मळक्या आरशाने शंभर रात्री बघण्यापेक्षा काही दिवस बंद ठेवून आरसा धुतलेला बरा, हे त्यांना कळतं.

निष्ठा साडेचौदा टनांची असेल, पण चित्तावरचा लेप मळला असेल तर प्रकाश परतणार नाही. "आमच्या घरात चार पिढ्यांची उपासना आहे," असं आपण अभिमानाने सांगतो. ती काच झाली. लेप केव्हा धुतला होता? तो प्रत्येक पिढीला स्वतः धुवावा लागतो. आजोबांचा लेप नातवाला पुरत नाही, आणि माझा परवाचा लेप मला आज पुरेलच असंही नाही.

*मागे काय बदललं*

आता आरशाच्या मागे काय झालं ते पाहूया. आरसा प्रकाश गोळा करतो, पण तो टिपून घ्यायला काहीतरी लागतं. सुरुवातीला काचेच्या प्लेटा होत्या. त्यांच्यावर प्रकाशाला जागणारा लेप असे आणि अंधाऱ्या खोलीत त्या धुतल्या जात. या प्लेटांवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एक-दोन नोंदले जायचे. बाकीचे लाखो वर्षं प्रवास करून येत आणि दारातून परत जात.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत सीसीडी नावाच्या चिपची कल्पना निघाली. ज्या दोघांनी ती मांडली, त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. चांगली सीसीडी शंभरांतले ऐंशी-नव्वद कण टिपते. ही चिप त्या जुन्याच आरशाच्या जोडीला बसवली. १६ ऑक्टोबर १९८२ च्या रात्री तिने हॅलेचा धूमकेतू टिपला. तेव्हा तो शनीच्याही पलीकडे होता. आपल्यातल्या ज्येष्ठांनी १९८६ च्या सुमारास गच्चीवर जाऊन हाच धूमकेतू शोधला असेल. त्याच्या तीन-साडेतीन वर्षं आधीच तो त्या आरशात आला होता.

तारे वाढले नाहीत, आरसा मोठा झाला नाही. फक्त जे येत होतं, त्यातलं वाया जाणं कमी झालं. गुरूंची कृपा कमी पडते म्हणून आपण तक्रार करतो. ती शंभर टक्के येतच असते. आपण किती टिपतो, एवढाच प्रश्न. आणि ज्या मुलाला अक्षरच लागत नाही, त्याच्यासमोर पोथी उघडी असूनही शंभरांतले एक-दोनच कण त्याच्यापर्यंत पोहोचतात. त्याला कळणाऱ्या लिपीत तेच शब्द दिले आणि जास्त कण टिपले गेले, तर त्यात वाईट काय, हे तरुणांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे.

*वाडीच्या शेजारचा मुलगा*

पालोमारवर दुसरी एक दुर्बीण आहे, ४८ इंची. तिचं काम एकदम मोठं आकाश पाहायचं. तिची गोष्ट आपल्या फार जवळची आहे.

आपण नरसोबाच्या वाडीला जातो. वाडीच्या शेजारीच कुरुंदवाड. तिथे १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हुबळीत वाढले आणि पुढे कॅलटेकला गेले. २००६ ते २०१८ अशी बारा वर्षं कॅलटेकच्या वेधशाळांचे ते संचालक होते. २०२४ साली त्यांना खगोलशास्त्रातलं शॉ पारितोषिक मिळालं. या जुन्या ४८ इंची दुर्बिणीला नवं आयुष्य देणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा.

२००९ साली सुरू झालेल्या पहिल्या मोहिमेसाठी त्यांच्या मंडळींनी नवा कॅमेरा घेतला नाही. हवाई बेटावरच्या एका दुर्बिणीवर वापरून झालेला कॅमेरा आणला, दुरुस्त केला आणि बसवला. त्यात बारा चिपा होत्या, त्यातली एक बंद होती. अकरांवर काम चालवलं. २४ ऑगस्ट २०११ ला याच जुन्या कॅमेऱ्याने शेजारच्या एका दीर्घिकेतला ताऱ्याचा स्फोट पकडला, तोही स्फोटाचा उजेड आपल्यापर्यंत पोहोचू लागल्यानंतर काही तासांतच. त्या जातीचा इतका जवळचा स्फोट इतक्या लवकर हाती लागणं फार दुर्मिळ.

"माझं आता वय झालं, डोळे गेले, गुडघे धरतात, साधना काय होणार?" असं म्हणणाऱ्या सगळ्या काका-काकूंसाठी ही गोष्ट आहे. बारातली एक बंद पडली म्हणून अकरा झाकून ठेवायच्या नसतात.

*मधली भिंग*

२०१७ च्या अखेरीस या दुर्बिणीत अगदी नवा कॅमेरा आला. त्यात सोळा मोठ्या चिपा आहेत. एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश मावतं, म्हणजे पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढं. तीस सेकंदांचा एक फोटो, मग लगेच पुढचा. पण तो बसवताना एक अडचण होती, आणि आपल्या वादाचं उत्तर नेमकं तिथे आहे.

या दुर्बिणीत प्रतिमा सपाट पडत नाही, किंचित वक्र पडते. पूर्वी काचेच्या प्लेटा होत्या तेव्हा त्या धारकात बसवताना हळूच वाकवत. काच थोडी लवते, भागायचं. चिप मात्र वाकत नाही. ती सपाटच. तशीच ठेवली असती तर मध्ये तारे नीट दिसले असते आणि कडेला धूसर झाले असते. मग काय केलं? दुर्बिणीच्या तोंडाशी एक जादा भिंग बसवलं आणि प्रत्येक चिपेच्या पुढे आणखी एक. जुनी दुर्बीण आणि नवी चिप यांचं जमावं म्हणून मध्ये भिंगं आली.

आता पोथीकडे या. इंग्रजी अक्षरांत 'काल', 'काळ' आणि 'कळ' एकसारखेच दिसतात. 'ण' आणि 'न' एक होतात. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च, दोन्ही एकच. गुजरातीत आणि तेलुगूत ळ आहे, पण च चे दोन उच्चार नुसतं अक्षर पाहून मुलाला कळणार नाहीत. नुसता फोन हातात दिला तर मधलं नीट आणि कडेचं धूसर, असंच होणार. ही थोरल्यांची भीती खरी आहे. तरुणांनी ती हसण्यावारी नेऊ नये.

पण यावर उपाय फोन काढून घेण्याचा नाही. मध्ये भिंग बसवायचं. ते भिंग कोण? आजी-आजोबाच! अध्याय आधी आजोबांनी वाचायचा, पाटावरच्या पोथीतून, आपल्या आवाजात. मुलाने फोनमध्ये बोट ठेवून ऐकायचं आणि मागून म्हणायचं. 'काळ' कुठे आणि 'काल' कुठे हे त्याला आजोबांच्या आवाजातून कळेल. जुनी पोथी आणि नवीन डोळे यांच्या मध्ये बसण्याचं काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. म्हणून ज्यांनी बैठकीला येणं थांबवलंय त्या काकांना आमची हात जोडून विनंती आहे: आता तर तुमची जास्त गरज आहे. तुम्ही नसाल तर सगळ्या कडा धूसर.

कोणी विचारेल, तिथे शेवटी प्लेटा गेल्याच ना? मग पोथीही जाणार का? इथे दृष्टांत थांबतो. कॅमेऱ्याला मातृभाषा नसते. पोथीला असते, आणि तिची गोडी बाळबोध अक्षरांतून जेवढी उतरते तेवढी दुसरीकडे उतरत नाही. म्हणून मुलांची फोनवरची पानं ही पायरी समजावी. दर गुरुवारी एक ओवी मुलाने बाळबोधीत वाचायचा प्रयत्न करावा. वर्षात पन्नास ओव्या होतात. शिवाय गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे कानडी मातृभाषेचे मानले जातात. दुसऱ्या भाषेतून आलेल्यालाही या दारात जागा आहे, हे आपल्या पोथीच्या जन्मातच लिहिलेलं आहे.

*जुन्या प्लेटा फेकत नाहीत*

आणि प्लेटा गेल्या म्हणजे कचऱ्यात गेल्या असंही नाही. ४८ इंची दुर्बिणीने १९४९ पासून १९५८ पर्यंत आकाशाचा नकाशा काचेच्या प्लेटांवर उतरवला. त्या जपून ठेवल्या, पुढे संगणकावर घेतल्या. आज नवा तारा दिसला की पहिला प्रश्न हाच येतो की तो पूर्वी इथे होता का? उत्तर जुन्या प्लेटांत मिळतं.

हैदराबादकरांनो, यात तुमच्या शहराचाही मान आहे. बेगमपेठच्या निजामिया वेधशाळेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभरच्या ताऱ्यांच्या नोंदणीत भाग घेतला आणि आकाशाचे नेमून दिलेले पट्टे प्लेटांवर उतरवले. शतकाच्या अखेरीस उपग्रहाने ताऱ्यांची स्थानं मोजली, तेव्हा तारे इतक्या वर्षांत किती सरकले हे काढायला त्याच जुन्या नोंदी कामी आल्या. आजचा कितीही महागडा कॅमेरा शंभर वर्षांपूर्वीच्या रात्रीचा फोटो काढू शकत नाही. घरातली म्हातारी माणसं म्हणजे अशा प्लेटा. त्यांनी जे पाहिलं, ते आता कोणालाच पाहता येणार नाही. त्यांना विचारून घ्या, ऐकून घ्या.

*झाकण बंद ठेवून फोटो*

आता शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं.

चिप कितीही चांगली असली तरी ती निर्दोष नसते. काळोखातही तिच्या स्वतःच्या उष्णतेने खोटे ठिपके उमटतात. म्हणून तिला शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास थंड ठेवतात. तरी थोडं राहतंच. मग खगोलशास्त्रज्ञ काय करतात? झाकण बंद ठेवून फोटो काढतात. आकाशाचा एक किरणही आत नाही, तरी फोटोत जे दिसतं, ते सगळं कॅमेऱ्याचं स्वतःचं. दुसरा फोटो एकसारख्या उजळलेल्या पडद्याचा किंवा संधिप्रकाशातल्या आकाशाचा. तिथे सगळं सारखं दिसायला हवं. जिथे दिसत नाही, ती चिपेची खोड किंवा भिंगावरची धूळ. मग आकाशाच्या फोटोतून हे आपलं आपलं काढून टाकतात. उरतं ते आकाशाचं. हे एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करतात.

मंडळी, वादात पडण्याआधी आपण झाकण बंद ठेवून एक फोटो काढतो का? थोरल्यांनी स्वतःला विचारावं, माझा विरोध पोथीच्या प्रेमापोटी आहे, की मला न विचारता केलं याचं दुःख आहे? तरुणांनी विचारावं, मुलांना फोनवर पोथी दिली ती त्यांना गोडी लागावी म्हणून, की त्यांच्याजवळ बसून शिकवायला मला वेळ काढायचा नाही म्हणून? दुःख असणं पाप नाही, दमणं पाप नाही. पण ते आपलं आहे, पोथीचं नाही. तेवढं वजा केलं की वादातला निम्मा आवाज आपोआप कमी होतो.

आणि काळोखाशिवाय उत्तम कॅमेराही कामाचा नाही. आधीच्या माउंट विल्सन वेधशाळेचं आकाश लॉस एंजेलिसच्या दिव्यांनी उजळू लागलं, म्हणून तर दूरचा पालोमार निवडला. नवा फोन घेतला, पण पोथी चालू असताना दर मिनिटाला वर मेसेज टपकत असतील, तर तारा दिसणार नाही. वाचताना फोनचा आवाज आणि इंटरनेट दोन्ही बंद.

*या आठवड्याची साधना*

१. गुरुवारी घरातल्या ज्येष्ठांनी अध्याय मोठ्याने वाचावा, मुलांनी आपापल्या लिपीत पाहून मागून म्हणावा. नातवंडं दुसऱ्या गावी असतील तर आपल्या आवाजात ध्वनिमुद्रण करून पाठवावं.

२. जपाआधी पाच मिनिटं डोळे मिटून, काहीही न म्हणता बसावं. मनात काय उमटतं ते फक्त पाहावं. तो आपला बंद झाकणाचा फोटो.

३. ज्यांच्याशी या विषयावरून बोलणं तुटलंय, त्यांना एक फोन करावा. पोथीचा विषय काढू नये. तब्येत विचारावी, गुरुवारी येताय ना, एवढं विचारावं.

आरसा आपल्याला मिळालेला आहे, तो कोणी हिरावून घेऊ शकत नाही. लेप धुणं आपल्या हातात आहे. कॅमेरा काळाप्रमाणे बदलेल, त्याला भिऊ नये. मधली भिंगं मात्र जपून ठेवावीत, कारण ती घरोघरी एक-दोनच असतात.

श्रीगुरुचरणी सर्वांचं मन निवळ राहो.

॥ शुभं भवतु ॥ 🙏